नोंदवहीत नसलेली कोंबडी

परभणी जिल्ह्याच्या पशुधनाची ओळख करून द्यायची तर सांगण्यासारखी नावे बरीच आहेत. लाल कंधारी आणि देवणी ही गोवंशातली दोन नामांकित जनावरे या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. काटक म्हणून ओळखली जाणारी मराठवाडी म्हैस इथलीच. उस्मानाबादी शेळी तर अल्पभूधारक आणि मजूर कुटुंबांचा चालताबोलता गल्ला मानली जाते. देशी पशुधनाच्या जातींची अधिकृत नोंद ठेवणारी कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था या चारही जातींना ओळखते. त्यांची शरीरमापे, रंग, शिंगांची ठेवण, दुधाचे आकडे, मूळ प्रदेश, सगळे तिथे लिहिलेले आहे. त्याच अंगणात, त्याच गोठ्याच्या आडोशाला, खुराड्यात किंवा डालग्याखाली रात्र काढणारी गावरान कोंबडी मात्र त्या यादीत कुठेच नाही. कोंबड्यांच्या नोंदणीकृत जातींमध्ये गुजरातची अंकलेश्वर आहे, मध्य प्रदेशचा कडकनाथ आहे, छत्तीसगड-ओडिशा-आंध्रचा असील आहे, निकोबारची निकोबारी आहे. महाराष्ट्राशी जोडलेली बुसरा आहे, पण ती नंदुरबार-धुळ्याची आणि गुजरातशी वाटून घेतलेली. मराठवाड्याच्या नावावर एकही कोंबडी नाही. सरकारी भाषेत इथली कोंबडी ‘अवर्णित’ आहे, म्हणजे कोणी तिचे वर्णनच केलेले नाही.

या लेखाचे म्हणणे असे की ही अवर्णित कोंबडी राखण्याजोगी आहे. तिला राखायचे तर पिंजऱ्यात ठेवून वा स्पर्धेत पदके देऊन भागणार नाही. जे काम ती अंगणात करत आली, ते काम तिच्याकडे राहील अशी व्यवस्था करावी लागेल. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. तिची नोंद व्हावी, तिला वेळेवर लस मिळावी आणि तिच्या कळपात योग्य कोंबडा असावा. या तिन्ही गोष्टी परभणीसारख्या जिल्ह्याच्या आवाक्यात आहेत, कारण त्यासाठी लागणारी माणसे आणि संस्था इथे आधीपासून आहेत.

प्रश्न किती मोठा आहे हे विसाव्या पशुगणनेवरून समजते. २०१९ च्या या गणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यांतले ३१ कोटी ७० लाख अंगणातले, म्हणजे घरगुती होते, आणि २०१२ च्या तुलनेत त्यांची संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. व्यावसायिक फार्मवरच्या पक्ष्यांची वाढ त्याच काळात साडेचार टक्क्यांच्या आसपास होती. वरवर पाहता ही आनंदाची बातमी, आणि मग काळजी कशाची असे कुणी विचारील. पण अंगणात कोंबड्या वाढल्या याचा अर्थ गावरान कोंबड्या वाढल्या असा होत नाही. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी अशा सुधारित वाणांची पिल्ले सरकारी योजनांतून आणि खासगी हॅचरीतून गावोगाव गेली आहेत. त्यांचे नर गावरान तलंगांवर पडतात आणि दोन-तीन पिढ्यांत अंगणातल्या कळपाची घडण बदलते. गणनेतला आकडा चढत असताना त्या आकड्याच्या आतली जुनी कोंबडी उतरणीला लागलेली असू शकते. जिचे वर्णनच लिहिलेले नाही, ती कमी झाली हे सिद्ध कसे करणार? गाय कमी झाली तर नोंदवही सांगते. कोंबडीच्या बाबतीत नोंदवहीच कोरी आहे.

ती कोंबडी नेमके काय काम करते ते जवळून पाहायला हवे. गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारण पन्नास ते ऐंशी अंडी देते, तीही सलग नाही. दहा-पंधरा अंड्यांचा एक हप्ता झाला की ती खुडूक होते. पिसे फुलवते, घोगरी कुरकुर करते, हात लावला तर चोच मारते. घरची बाई मग टोपलीत भुसा किंवा राख पसरते, पिसवा होऊ नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला घालते आणि दहा-बारा अंडी मांडून तिला बसवते. एकवीस दिवस ती त्यावरून क्वचितच उठते. दाण्यापाण्यापुरती बाहेर येते, पंख झटकते आणि परत बसते. सगळीकडे सारखी ऊब लागावी म्हणून चोचीने अंडी फिरवत राहते. पिल्ले निघाली की काय खायचे ते तीच टोचून दाखवते. आकाशात घारीची सावली दिसली की तिचा एक विशिष्ट आवाज निघतो आणि पिल्ले क्षणात पंखाखाली किंवा तुराट्यांच्या गंजीखाली गडप होतात. या सगळ्याला ना वीज लागते, ना ब्रूडर, ना हॅचरीचा फोन नंबर. ज्या घरात पुढची पिढी अंगणातच तयार होते, त्या घराला पिल्ले विकत घ्यावी लागत नाहीत. अंड्यासाठी पैदा केलेल्या व्यावसायिक कोंबडीतून हा खुडूक होण्याचा गुण निवडीने काढून टाकलेला आहे, कारण खुडूक झालेली कोंबडी अंडी थांबवते. वनराजसारख्या सुधारित वाणाच्या माद्याही सहसा अंड्यांवर बसत नाहीत. वर्षाला तीनशे अंडी ही त्या निवडीची कमाई, आणि दर वेळी पिल्लांसाठी बाहेर हात पसरणे ही तिची किंमत.

परभणीत या कोंबडीचे अंगणही बदलले आहे आणि ते दुसऱ्या कोणी बदललेले नाही, पीकपद्धतीने बदलले आहे. ज्वारी हे इथले जुने पीक. खळ्यावर मळणी व्हायची, कणसे अंगणात पडायची, उपणताना दाणा उडायचा आणि कोंबडीचे वर्षभराचे खाणे त्यातूनच व्हायचे. गेल्या तीसेक वर्षांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि कापूस आला. सोयाबीन शेतातच मळणीयंत्रातून निघते आणि पोत्यात भरून थेट आडतीला जाते, घरी दाणा फारसा येत नाही. आला तरी कच्चे सोयाबीन कोंबडीला सोसत नाही, कारण त्यातली ट्रिप्सिनरोधक द्रव्ये प्रथिनांचे पचन अडवतात. कापसाच्या रानात फवारणी जास्त, त्यामुळे किडे टिपायला गेलेल्या पक्ष्याला धोका जास्त. पक्क्या घरांना उकिरडा आणि मोकळी परसदारे नकोशी झाली. म्हणजे गावरान कोंबडी कमी होण्यामागे लोकांची अनास्था हे एकच कारण नाही. तिचा फुकटचा चारा आटला, आणि चारा आटला तरी ती टिकून आहे, हाच तिच्या काटकपणाचा पुरावा आहे.

आता मोठ्या पटावर पाहू. आज जगात विकल्या जाणाऱ्या मांसल कोंबडीची आणि व्यावसायिक अंडीकोंबडीची मूळ पैदास मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती आहे. वेंकटेश्वरा हॅचरीज १९७१ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिने पुणे हे भारतीय कुक्कुटपालनाचे एक मोठे केंद्र केले. शेतकऱ्यांना रोजगार मिळाला, गोरगरिबांच्या ताटात स्वस्त अंडी आणि मांस आले, हे त्या उद्योगाचे श्रेय कुणी नाकारू नये. पण उद्योगाचा पाया जितका रुंद दिसतो, तितका त्याचा आनुवंशिक पाया रुंद नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले, की मूळ जातींमध्ये असलेल्या जनुकीय विविधतेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त विविधता व्यावसायिक शुद्ध वंशांत उरलेलीच नाही. त्याच वर्षी स्वीडनमधल्या संशोधकांनी दुसरी एक गोष्ट उघड केली. जगभरच्या कोंबड्यांच्या पायांना आणि कातडीला जो पिवळा रंग असतो, त्याचे जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नाही, ते राखी रानकोंबड्याकडून आले आहे. राखी रानकोंबडा हा सह्याद्रीचा आणि दक्षिण भारताचा रहिवासी. कोंबडी माणसाळली ती मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून, आणि ती म्यानमार, थायलंडचा उत्तर भाग आणि नैर्ऋत्य चीन या भागात, असे २०२० मध्ये ८६३ जनुकसंच तपासून केलेल्या अभ्यासाने सांगितले. पण वाटेत या द्वीपकल्पातल्या रानपक्ष्याचा वाटा तिच्यात मिसळला. भारतीय खेड्यातली कोंबडी ही त्या जुन्या सरमिसळीची वारसदार आहे. तिच्यात काय काय शिल्लक आहे, याची यादी अजून कुणी पूर्ण केलेली नाही.

ज्यात आज नफा दिसत नाही ते राखून काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर द्यायला परभणीला दूर जावे लागत नाही. इथल्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ ही भेंडी दिली. यलो व्हेन मोझॅक या विषाणूजन्य रोगाने पाने पिवळी पडून भेंडीचे प्लॉट वाया जात होते, आणि त्या काळची लोकप्रिय ‘पुसा सावनी’ त्याच्यापुढे हतबल झाली होती. प्रतिकारशक्ती सापडली ती भेंडीच्या एका दूरच्या भावकीत, ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट या प्रजातीत. बाजारात तिला कुणी हिंग लावून विचारत नव्हते. तिचा पुसा सावनीशी संकर करून, पुन्हा पुन्हा पुसा सावनीकडे वळवून, निवड करून परभणी क्रांती उभी राहिली आणि देशभर पेरली गेली. पुढे विषाणूही बदलला, या वाणाची प्रतिकारशक्ती ओसरत गेली, आणि संशोधकांना पुन्हा त्याच भावकीकडे वळावे लागले. यातून एक धडा निघतो. गरज काय पडेल हे आधी कळत नाही, आणि गरज पडते तेव्हा नवी विविधता तयार करायला सवड नसते. आधीपासून राखलेली असेल तरच ती हाती लागते. भेंडीबाबत परभणीला जे कळले ते कोंबडीबाबत कळणे अवघड नाही. परभणीचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि ब्रॉयलर शेडमध्ये पंखे, फॉगर, पोती भिजवणे अशी धावपळ सुरू होते. मानेवर पिसे नसलेल्या किंवा उलट्या पिसांच्या काही देशी कोंबड्या उष्णता सहज बाहेर टाकतात, आणि हे गुण एकेका जनुकाशी जोडलेले आहेत. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने हेच गुण वापरून हितकारी आणि उपकारी हे वाण तयार केले. ते तयार करता आले, कारण कुणीतरी कधीतरी ती उघड्या मानेची, विचित्र दिसणारी कोंबडी अंगणात ठेवली होती.

या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो खरा आहे. जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने सांगितले, की महाराष्ट्रात रोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी खपतात आणि उत्पादन एक ते सव्वा कोटीच्या घरात आहे. अशा राज्यात साठ अंडी देणाऱ्या कोंबडीचे कौतुक करणे म्हणजे भुकेल्याला इतिहास सांगणे नव्हे काय? याचे उत्तर असे, की गावरान कोंबडीने शहराची अंड्यांची तूट भरावी असे कुणी म्हणतच नाही. ती तूट फार्मच भरतील आणि त्यांनीच भरावी. पण तुलना करताना हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडायला हव्यात. तीनशे अंड्यांच्या कोंबडीला रोज सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर विकतचे खाद्य, औषधे, शेड आणि दीड वर्षाने नवे पिल्लू लागते. साठ अंड्यांच्या कोंबडीला यातले जवळजवळ काहीच विकत लागत नाही. दुष्काळात खाद्याचे भाव चढले की पहिला हिशेब कोसळतो, दुसरा कोसळत नाही. भूमिहीन किंवा एक-दोन एकरवाल्या घरात आजारपण, शाळेची फी, पाहुणा किंवा जत्रा यांसाठी एक कोंबडा विकून हाती येणारा पैसा बहुतेकदा बाईच्या हाती असतो आणि त्यासाठी तिला कुणाला विचारावे लागत नाही. वार्षिक अंड्यांच्या रकान्यात या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून त्या नसतात असे नाही.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा आहे आणि तो जास्त टोकदार आहे. इथली कोंबडी शुद्ध राहिलीच कुठे, असे ते विचारतात. ऱ्होड आयलंड रेडपासून वनराजपर्यंत सगळ्यांचे रक्त तिच्यात आले आहे. मग जपायचे ते काय? काही गावांत हे पूर्ण खरे असेल. पण जातीची शुद्धता ही जिवंत प्राण्यांत कधीच पूर्ण नसते, आणि लाल कंधारी किंवा देवणीची नोंद करतानाही ती शंभर टक्के शुद्ध होती असे कुणी म्हटले नव्हते. एका प्रदेशात दीर्घकाळ राहून, तिथल्या हवामानाने, रोगांनी आणि लोकांच्या निवडीने घडलेला, पिढ्यांमागून पिढ्या सारखी लक्षणे देणारा कळप आहे की नाही, हे पाहायचे असते. परभणी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांत असा कळप उरला आहे की नाही, आणि असल्यास जिंतूरच्या माळावर की गोदाकाठच्या गंगाखेड-सोनपेठच्या वस्त्यांवर, हे मोजमापानेच ठरेल. मोजण्याआधीच संकर झाला म्हणून हात झटकणे हे शास्त्र नव्हे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०२१ मध्ये देशातले एकही पशुधन अवर्णित राहू नये यासाठी मोहीम सुरू केली, ती याच विचाराने. उत्तर ‘इथे वेगळी जात नाही’ असे आले तरी चालेल. तेही एक उत्तर आहे आणि नोंदवहीत ते असायला हवे.

तिसरा आक्षेप बर्ड फ्लूचा, आणि परभणीला तो ऐकीव नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात दोन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले आणि गावातल्या हजारो पक्ष्यांना मारून पुरावे लागले. अशा साथीत संसर्गाच्या जागेपासून एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी नष्ट करायचे असा नियम आहे. शेडमधले तसे अंगणातलेही त्यात जातात. मग मोकाट कोंबड्या पाळणे हाच धोका नाही का, असे विचारले जाते. रानपक्ष्यांशी संपर्क येतो हे खरे, आणि अंगणातल्या कोंबड्यांना साथीच्या काळात कोंडून ठेवणे, मेलेला पक्षी उघड्यावर न टाकणे, मृत्यू लगेच कळवणे ही शिस्त पाळलीच पाहिजे. पण याच घटनेतून संवर्धनासाठीही धडा मिळतो. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. नवापूर म्हणजे बुसरा कोंबडीचा मूळ मुलूख. राज्याशी जोडलेल्या नोंदणीकृत कोंबडीचे घर आणि देशातल्या पहिल्या मोठ्या कत्तलीची जागा एकच निघाली. एखाद्या जातीचे सगळे पक्षी एका फार्मवर किंवा एका तालुक्यात असतील, तर एका अहवालाने ती जात संपू शकते. म्हणून संवर्धनाचा कळप एका ठिकाणी असू नये. चार तालुक्यांत, अनेक घरांत विखुरलेला असावा. अंगणातली कोंबडी नेमकी अशीच विखुरलेली असते. तो तिचा दोष नाही, तो तिचा विमा आहे.

चौथा आक्षेप बाजाराकडून येतो. गावरानला भाव आहे, लोक दुप्पट पैसे मोजतात. मग बाजारच तिला वाचवील, वेगळी योजना कशाला? बाजाराने कडकनाथचे काय केले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, काळ्या मांसाची कीर्ती पसरली आणि वर्षभरात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून पसरलेला कडकनाथ घोटाळा उघड झाला. पिल्ले घ्या, अंडी आणि पक्षी आम्ही चढ्या भावाने विकत घेऊ, अशा हमीवर अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले आणि ते बुडाले. त्यात कोंबडीचा दोष नव्हता. नोंद, प्रमाण आणि तपासणी यांशिवाय नाव विकायला निघाले की असेच होते. आज शहरातल्या दुकानांत आणि ढाब्यांवर गावरान म्हणून मिळणारी बरीचशी कोंबडी डीपी क्रॉस किंवा तत्सम संकर असते. ग्राहक गावरानचा भाव देतो, पण तो पैसा गावरान कोंबडी राखणाऱ्या घरापर्यंत पोहोचत नाही. ज्या मालाचे वर्णन कुठे लिहिलेले नाही, त्याची नक्कल कोण कशी पकडणार? म्हणजे बाजाराचा उपयोग करून घ्यायचा असला तरी वाट नोंदवहीतूनच जाते.

शेवटचा आक्षेप आधुनिक आहे: बीज गोठवून ठेवा, अंगणाची कटकट कशाला? गाईच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी जमते, कारण वीर्य आणि भ्रूण दोन्ही गोठवता येतात. पक्ष्याचे तसे नाही. कोंबडीचे अंडे म्हणजे बलकाने भरलेली मोठी पेशी. ते गोठवून पुन्हा जिवंत करता येत नाही. वीर्य गोठवता येते, पण फलनाचे प्रमाण घसरते. शिवाय पक्ष्यांत लिंग ठरवणारे डब्ल्यू गुणसूत्र मादीकडे असते, त्यामुळे केवळ नराच्या वीर्यातून जात पूर्ण परत मिळत नाही. एडिंबराच्या रॉसलिन संस्थेत भ्रूणातल्या आदिम जननपेशी गोठवून त्या दुसऱ्या जातीच्या कोंबडीत वाढवण्याचे तंत्र विकसित झाले आहे आणि ते मोलाचे आहे. पण ते महागडे आहे आणि मोजक्या प्रयोगशाळांपुरते आहे. शिवाय खुडूक बसणे, घारीला ओळखणे, उकिरड्यातून पोट भरणे हे गुण शीतपेटीत टिकले तरी वापरात राहिले तरच परखले जातात. जिवंत कळप हाच आजचा खरा आधार आहे.

मग करायचे काय? सगळ्यात आधी लस. खेड्यातल्या कोंबड्या कमी होण्याचे सर्वांत मोठे कारण सुधारित वाण नाही, ब्रॉयलर नाही. ते मानमोडी आहे. राणीखेत या नावाने शास्त्राला माहीत असलेला हा रोग आला की पक्षी मान वाकडी करून गोल फिरतात, हिरवट हगवण लागते आणि चार-आठ दिवसांत आळीतली खुराडी रिकामी होतात. गावरान कोंबडीला रोग होत नाही हा भाबडा समज आधी सोडायला हवा. लस जुनी, स्वस्त आणि खात्रीची आहे: पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात, सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीचे इंजेक्शन. अडचण वेगळीच आहे. लसीची बाटली शेकडो मात्रांची असते, एकदा फोडली की एक-दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. पंधरा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही, पण पूर्ण गल्लीला परवडते. त्यासाठी ठरावीक दिवशी, संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली आल्यावर, थर्मास घेऊन घरोघर जाणारी व्यक्ती हवी. ‘उमेद’ अभियानातल्या पशुसखी हे काम करू शकतात. त्या गावच्याच असतात आणि शेळ्यांसाठी त्यांनी असे काम केलेलेही आहे. आफ्रिका आणि आशियातल्या खेड्यांत उष्णता सहन करणारी आय-टू लस याच हेतूने वापरली गेली. पुण्याच्या अंथ्रा या संस्थेने आंध्रातल्या पूर्व गोदावरीच्या आदिवासी गावांत असील कोंबडीसाठी काम केले. तिथेही रोगनियंत्रण हाच पाया ठरला, आणि कोंबडी वाट्याने देण्याची जुनी रीत पुन्हा चालू झाली.

मराठवाड्यातही शेळी किंवा कोंबडी अर्धेलीने देण्याची रीत आहे: एका घरची तलंग दुसऱ्या घरी जाते आणि निघालेली पिल्ले निम्मी-निम्मी वाटली जातात. हा व्यवहार गरिबांना भांडवल देतो आणि कळपाला नवे रक्तही देतो. हा दुसरा मुद्दा सहसा लक्षात येत नाही. समजा एका गावात शंभर कोंबड्या आहेत आणि प्रजननासाठी ठेवलेले कोंबडे फक्त पाच. आनुवंशिकीच्या साध्या सूत्राने त्या कळपाची परिणामकारक संख्या एकोणीसच भरते आणि भावकीतली पैदास पिढीगणिक अडीच टक्क्यांहून जास्त वाढते. कोंबडे पाचाऐवजी वीस ठेवले तर तीच संख्या सदुसष्टवर जाते आणि वाढ एक टक्क्याच्या आत येते, जी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानतात. शंभर कोंबड्यांसाठी आणखी पंधरा कोंबडे राखणे आणि दरवर्षी शेजारच्या गावाशी त्यांची अदलाबदल करणे, याला कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. लागतो तो थोडा ठरवून केलेला व्यवहार आणि यात्रेसाठी सगळ्यात देखणा कोंबडा आधी विकण्याच्या सवयीला आवर. आजवर उलटे झाले. सुधारणेच्या नावाखाली बाहेरचे नर वाटण्यात आले आणि इथला चांगला नर निवडायला कुणी शिकवले नाही. सुधारित पिल्ले वाटायची असतील तर जरूर वाटा; पण संवर्धनासाठी निवडलेल्या गावांत ती वाटू नका.

आणि मग नोंद. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जे आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. कृषी विद्यापीठ आहे, पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने तालुक्यातालुक्यांत आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दोन-तीन तुकड्यांनी नऊ तालुक्यांत फिरून तुऱ्याचा प्रकार, पायांचा रंग, वजन, अंड्याचे वजन, खुडूक होण्याचे प्रमाण आणि पिल्लांची जगण्याची टक्केवारी टिपली, रक्ताचे नमुने कर्नालला पाठवले, तर अवर्णित हा शिक्का पुसण्याइतकी सामग्री जमेल. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोशासाठी पाच वर्षांत १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले, आणि देशी पशुधन हा त्याच्या विषयांपैकी एक आहे. त्यात कोंबडीचा वाटा मागणे रास्त आहे. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असते आणि पाळीव प्राण्यांसाठी तिच्यात जागा आहे. ती जागा भरायला तर निधीचीही गरज नाही.

गावरान कोंबडी राखणे हा जुन्या काळाचा हळवेपणा नाही. तापणारे उन्हाळे, चढते खाद्यदर आणि बदलते रोग यांना तोंड देताना आपल्या हाती किती पर्याय असतील, याचा तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतांशी खेड्यातल्या बायकांच्या परसात आहे. म्हणून ज्या वाचकांचे गाव परभणीत किंवा मराठवाड्यात कुठेही आहे, त्यांना एक विनंती. या दिवाळीला गावी गेलात तर ग्रामपंचायतीकडे गावची जैवविविधता नोंदवही मागा आणि तिचे पाळीव प्राण्यांचे पान उघडून पाहा. त्यात गावरान कोंबडी नसेल तर तिचा रंग, तुरा, अंडी आणि ती राखणाऱ्या घरांची संख्या त्या पानावर लिहायला लावा, आणि गावात मानमोडीची लस शेवटची कधी टोचली तेही विचारा.